आपल्या लोकप्रिय दैनिकात

साल १९९८ असावं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मी उपसंपादक होतो. संध्याकाळी साडेपाच-सहाला एसटी स्टँडवरून पाकिटं यायची. तालुक्याच्या वार्ताहरांनी दुपारच्या गाडीच्या कंडक्टरकडे सोपवलेली, वर लाल शाईत 'बातम्या - तातडीचे'. त्यातल्या एका पाकिटात एका महिला मंडळाची प्रेसनोट होती. फुलस्केपची दोन पानं, कार्बनची तिसरी प्रत, त्यामुळे अक्षरं लावून लावून वाचावी लागत होती. मथळा: 'मंडळाचा वर्धापनदिन उत्साहात संपन्न'. अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख पाहुणे कोण, दीपप्रज्वलन कुणाच्या शुभहस्ते, स्वागतगीत कुणी म्हटलं, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, सूत्रसंचालन, आभार. एकवीस नावं मोजली मी. शेवटी ठरलेली ओळ: 'तरी आपल्या लोकप्रिय दैनिकात प्रसिद्धी द्यावी ही नम्र विनंती.'

पानावर जागा चार ओळींची होती. मी चार ओळींत वर्धापनदिन उरकला आणि पान सोडलं.

तीन महिन्यांनी शेजारच्या दैनिकात त्याच गावावर अँकर आला. अँकर म्हणजे पानाच्या तळाशी आडवी लागणारी, जरा निवांत वाचायची बातमी. त्या गावातल्या ४२ घरांच्या ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर नवऱ्याच्या नावाशेजारी बायकोचं नाव लागलं होतं. मंडळातल्या बायकांनी घरोघर जाऊन, रुसवेफुगवे काढून हे घडवलं होतं. संपादकांनी तो अंक माझ्या टेबलावर ठेवला आणि काही न बोलता गेले. मी जुन्या नोटांचा गठ्ठा उपसला. दुसऱ्या पानावर, आभारप्रदर्शनाच्या खाली, एक वाक्य होतं: 'यावेळी नाव लागलेल्या ४२ भगिनींना उताऱ्याच्या प्रती वाटण्यात आल्या.'

डेस्कवरची कात्री खालून लागते. वरच्या दोन परिच्छेदांत काही सापडलं नाही तर खालचं वाचायला वेळ नसतो. बातमी हुकली ती माझ्यामुळे, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. पण ती एकवीस नावांच्या खाली पुरली होती मंडळानेच.

पुढे मी नोकरी सोडली आणि गेली काही वर्षं संस्था-संघटनांच्या शिबिरांत 'माध्यमांशी कसं वागावं' या विषयावर बोलतो. शिबिरात पहिला प्रश्न कायम एकच येतो: "पत्रकार आमची बातमी घेत नाहीत, त्यासाठी काय करावं लागतं?" या 'काय करावं लागतं'मध्ये एक डोळा मिचकावलेला असतो, त्याकडे नंतर येतो. आधी मी त्यांना त्यांच्याच शेवटच्या तीन प्रेसनोटा वाचून दाखवायला सांगतो. तिसऱ्या नोटेपर्यंत सभागृहात हसू फुटतं.

संस्थेला हवी असते प्रसिद्धी आणि बातमीदाराला हवी असते बातमी. प्रसिद्धीत माणसांची नावं मोठी असतात, बातमीत घडलेली गोष्ट मोठी असते. एकवीस नावं घालणाऱ्या मंडळाच्या सचिवांनाही हे कळत होतं. पण सरपंचांचं नाव वगळलं तर पुढच्या वर्षी समाजमंदिर मिळत नाही, आणि देणगीदाराचं वगळलं तर देणगी. प्रेसनोट दैनिकाच्या पत्त्यावर जाते, पण ती लिहिलेली असते व्यासपीठावरच्या खुर्च्यांसाठी. असल्या नोटेतून बातमी निघाली तर तो योगायोग.

या प्रकाराचा उगम पाहायचा तर अमेरिकेत जावं लागतं. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली, पन्नासहून अधिक माणसं दगावली. तोवर रेल्वे कंपन्यांची रीत अपघात झाकायची होती. आयव्ही ली नावाच्या माजी बातमीदाराने कंपनीला उलटं करायला लावलं: झालं ते कंपनीनेच लिहून वृत्तपत्रांना द्यायचं आणि बातमीदारांना गाडीने घटनास्थळी न्यायचं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते निवेदन जसंच्या तसं छापलं. प्रेसनोटेचा इतिहास बहुतेक इथूनच मोजतात. कंपनीचा स्वार्थ त्यात होताच. पण त्या पहिल्या नोटेत माहिती होती, शुभहस्ते कुणाचेच नव्हते.

आपल्याकडे त्याच्या आधीपासून एक वेगळी परंपरा आहे आणि ती मला जास्त जवळची वाटते. प्रस्थापित वृत्तपत्रं जागा देत नाहीत म्हटल्यावर सत्यशोधकांनी स्वतःचं पत्र काढलं. १८७७ साली पुण्यात कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' सुरू केलं आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत चालवलं. १९२० साली 'मूकनायक' निघणार होतं, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नाही. जागा नाकारली जाणं ही इथल्या चळवळींना नवी गोष्ट नाही, आणि त्या आठवणीमुळेच आजही कितीतरी कार्यकर्ते पत्रकारांशी बोलताना आधीच चिडलेले असतात. मला ती चीड समजते. संध्याकाळी साडेसातला डेस्कवर बसलेल्या माणसापर्यंत मात्र ती पोहोचत नाही.

काय पोहोचतं, याचं उदाहरण म्हणजे हेरवाड. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं गाव. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. सरपंच होते सुरगोंडा पाटील. कल्पनेमागे करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांचा पाठपुरावा होता. त्याआधी स्वतःच्या मृत्यूनंतर पत्नीवर या प्रथा लादू नयेत, असं त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं होतं.

त्या बातमीचा प्रवास मला शिबिरात फळ्यावर काढून दाखवायला आवडतो. ६ मे २०२२ ला राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं होत होती. त्या दिवशी कोल्हापुरात शंभर सेकंद स्तब्ध उभं राहून त्यांना अभिवादन झालं. त्या आठवड्यात जिल्ह्यातला प्रत्येक बातमीदार शाहूंच्या विचाराशी जोडलेलं काहीतरी शोधत होता, आणि शाहूंच्याच मुलखातल्या एका गावाने अगदी तेव्हाच ठराव केला. वेळ साधली होती हे उघड आहे, आणि त्यात गैर काही नाही. दुसरं म्हणजे हातात कागद होता. ग्रामसभेच्या ठरावाला तारीख असते, सूचक-अनुमोदक असतात, तो इतिवृत्तात नोंदलेला असतो. कुणालाही पंचायतीत जाऊन तो वाचता येतो. तिसरं, त्या ठरावात 'महिलांचा सन्मान' असं गुळगुळीत काही नव्हतं; कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी होती. वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरात हे कधी ना कधी घडलेलं. कोविडला दोन वर्षं होत होती, त्यामुळे अनेकांच्या घरात तर नुकतंच.

१७ मे २०२२ ला राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावापासून तेरा दिवस. हेच 'विधवा सन्मान मेळावा उत्साहात संपन्न' म्हणून आलं असतं, तर चार ओळी मिळाल्या असत्या. त्यातल्या दोन नावांच्या.

आकड्यांचंही असंच असतं. 'मोठ्या संख्येने' हा शब्द मी शिबिरात खोडायला लावतो. महाराष्ट्रातल्या १३ संस्थांनी आपापल्या भागात बालमृत्यूंच्या नोंदी ठेवल्या आणि २००१ साली गडचिरोलीच्या 'सर्च'च्या डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने त्या एकत्र मांडल्या. राज्यात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालकं दगावतात, असा त्यातून अंदाज निघाला. सरकारी कागदांवर त्याच्या कितीतरी कमी मृत्यू दिसत होते. अहवालाचं नाव होतं 'कोवळी पानगळ'. डेस्कवर बसलेल्या कुठल्याही माणसाला विचारा: मथळा संस्थेनेच देऊन टाकला होता. पण ते दोन शब्द टिकले ते मागच्या नोंदींमुळे. सरकारने आकडा नाकारला की बातमीदार पुन्हा संस्थेकडे येणार, आणि तेव्हा वही उघडून दाखवता आली पाहिजे. ती दाखवता आली. पुढे सरकारनेच बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. नुसतं काव्यमय नाव असतं तर दुसऱ्या दिवशी खुलासा आला असता आणि तिसऱ्या दिवशी विषय संपला असता.

आणि मग लाँग मार्च. त्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण माध्यमांशी नातं कसं जुळतं याचं इतकं उघड्यावर घडलेलं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

६ मार्च २०१८ ला अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला. मुंबई सुमारे १८० किलोमीटर. वनजमिनीचे हक्क, कर्जमाफी, हमीभाव या मागण्या काही नव्या नव्हत्या. २००६ च्या वनहक्क कायद्याचे दावे वर्षानुवर्षं पडून होते. अधिवेशन चालू होतं, ९ मार्चला अर्थसंकल्प होता. पहिले दोन-तीन दिवस ही बातमी नाशिक, इगतपुरी, शहापूरच्या पानांवरच होती. मुंबईच्या, त्यातही दिल्लीच्या वाहिन्यांना पत्ता नव्हता. मग कसारा घाटातली दृश्यं आली. वळणावळणाने उतरणारी लाल टोप्यांची रांग. ती पाहिल्यावर आकडा वाचायची गरज उरत नव्हती. पाठोपाठ तळव्यांचे फोटो आले, भेगाळलेले, सोललेले, एका वृद्ध बाईचे रक्ताळलेले. ते मोबाईलवरून घरोघरी गेले आणि मग वाहिन्यांच्या गाड्या निघाल्या.

११ मार्चला, रविवारी, मोर्चा मुंबईत शिरला आणि सोमय्या मैदानावर थांबला. सोमवारी सकाळी आझाद मैदानाकडे कूच करायचं, असं ठरलेलं. पण सोमवारी दहावीचा पेपर होता. मोर्चा सकाळी रस्त्यावर आला असता, तर मुलं अडकली असती. नेत्यांनी रात्रीच निघायचं ठरवलं. सहा दिवस चाललेली माणसं मध्यरात्रीनंतर उठली आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात जाऊन बसली.

त्या रात्रीने बातमी फिरली. तोवर मुंबईकरासाठी ती 'वाहतूक कोंडीची शक्यता' होती. सकाळी उठून टीव्ही लावला तर दमल्या पायांनी रात्रभर चाललेले लोक, आणि कशासाठी, तर आपल्या पोरांच्या परीक्षेसाठी. मग लोक पाणी, बिस्किटं, चपला घेऊन मैदानावर गेले. दुपारी विधानभवनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चा झाली, लेखी आश्वासन मिळालं. परतीसाठी रेल्वेने भुसावळकडे खास गाड्या सोडल्या.

हा प्रसंग ऐकला की शिबिरातलं कुणीतरी म्हणतंच, "काय जबरदस्त पीआर!" मला तो शब्द इथे खटकतो. पीआर म्हणायचं तर किसान सभेच्या अशोक ढवळे, जे. पी. गावित, अजित नवले या मंडळींनी घाटातला कॅमेऱ्याचा कोन आधी ठरवला होता असं मानावं लागेल. रात्री चालायचा निर्णय कॅमेऱ्यासाठी घेतला असता, तर थकलेल्या हजारो माणसांनी तो ऐकला नसता. संघटनेचं वजन आधी होतं, बातमी मागून आली. पण एक गोष्ट जरूर शिकण्यासारखी आहे: बोलणारे नेते ठरलेले होते, मागण्या मोजक्या होत्या आणि त्याच भाषेत रोज सांगितल्या जात होत्या. वाहिनीचा माईक पुढे आल्यावर प्रत्येकाने वेगळं काही सांगितलं असतं, तर संध्याकाळी वाहिन्यांवर 'आंदोलकांत फूट' चाललं असतं.

पुढची गोष्टही सांगायला हवी. फेब्रुवारी २०१९ मध्ये मोर्चा पुन्हा निघाला आणि आश्वासनांवर नाशिकजवळच थांबला. मार्च २०२३ मध्ये तिसऱ्यांदा निघाला, वाशिंदला अडला. तिथे एक शेतकरी दगावला. त्या वेळी मुंबई काही चपला घेऊन धावली नाही. मागण्या बऱ्याचशा त्याच होत्या, तळवे तसेच फुटत होते, पण ते दृश्य आता एकदा पाहिलेलं होतं. डेस्कवर याला 'झालेली स्टोरी' म्हणतात. फार क्रूर शब्द आहे, मीही पुष्कळदा वापरलाय.

वेळेचा भाग किती असतो याचं एक जुनं उदाहरण देऊन पुढे जातो. अण्णा हजारे ५ एप्रिल २०११ ला जंतरमंतरवर उपोषणाला बसले. विश्वचषकाचा अंतिम सामना २ एप्रिलला वानखेडेवर झाला होता, आयपीएल ८ एप्रिलला सुरू होणार होती. चोवीस तासांच्या वाहिन्यांना मधले दिवस रिकामे होते. आंदोलनामागे लोकांचा राग खरा होता. पण हेच उपोषण दहा दिवस आधी असतं, तर धोनीच्या षटकाराखाली किती दिसलं असतं, असा प्रश्न मला पडतो.

आता तो मिचकावलेला डोळा.

तालुक्याच्या वार्ताहराला मिळणारं मानधन सांगायला लाज वाटावी असं असतं. घर चालतं ते जाहिरातींच्या कमिशनवर, अंकाच्या एजन्सीवर किंवा शेतीवर. ज्या पतसंस्थेच्या गैरव्यवहाराची कुणकुण त्याला लागते, तिच्याकडेच दिवाळीत पुरवणीची जाहिरात मागायला त्याला जावं लागतं. (दिवाळी अंकांचंही याहून वेगळं नसतं, कुठल्याही अंकाची मागची पानं चाळून पाहा.) दरवर्षी ६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं त्या दिवसाच्या स्मरणार्थ, गावोगावी पत्रकार दिन होतो. शाल, श्रीफळ, डायरी, पेन, कधी ट्रॅव्हल बॅग. डायरीला माझी हरकत नाही. पण पत्रकार परिषदेच्या टेबलावर प्रेसनोटेखाली सरकवलेलं पाकीट मी पाहिलं आहे. एकदा ते माझ्या पुढ्यातही आलं होतं. मी ते परत केलं आणि शेजारच्याने केलं नाही. त्याच्या घरी दवाखाना चालू होता हे मला माहीत होतं, त्यामुळे परत करण्याचा अभिमानही फारसा वाटला नाही.

याचं घाऊक रूप २००९ च्या विधानसभा निवडणुकीत दिसलं. तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारे मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः सारखे आले होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते शेजारी शेजारी ठेवून दाखवले. पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने 'पेड न्यूज'वर अहवाल तयार केला; त्यातली नावं वगळून आधी त्याचा छोटा अवतारच जाहीर झाला. तेव्हापासून लहान संस्थांना वाटू लागलं की पैशाशिवाय काही छापूनच येत नाही. ते खरं नाही. पण त्यांना तसं का वाटतं, हे मला खोडून काढता येत नाही.

या लेखासाठी जूनमध्ये दोन संध्याकाळी एका जिल्हा कार्यालयात जाऊन बसलो. एसटीची पाकिटं कधीच गेली. आता बातमीदाराच्या मोबाईलवर व्हॉट्सअॅपचे ग्रुप असतात आणि चारनंतर दर दोन-तीन मिनिटांनी एखादी नोट येऊन पडते, युनिकोडमध्ये टाइप केलेली, फोटोसकट, 'कृपया प्रसिद्धीसाठी'. पूर्वी या कार्यालयात सहा जण होते, आता दोघं. तेच बातमी लिहितात, तेच व्हिडिओ काढतात, तेच पान भरतात. नोट स्वच्छ लिहिलेली असली की ती कॉपी होऊन पानावर जाते. संस्थांना हे सोयीचं वाटतं. मलाही वाटायचं. मग एका संस्थेसाठी मी लिहिलेल्या नोटेत शनिवारच्या जागी रविवार पडलं. तीन दैनिकांत रविवार छापून आला, एकानेही फोन करून विचारलं नाही. रविवारी बंद सभागृहासमोर चाळीसेक माणसं उभी होती, त्यांत तिघी तान्ह्या मुलांना घेऊन आल्या होत्या. मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

एका बाबतीत मात्र शिबिरात माझा आवाज चढतो. संस्थेला बातमी हवी असते, बातमीदाराला 'चेहरा' हवा असतो, आणि चेहरा असतो तिसऱ्याच कुणाचा तरी. आश्रमशाळेतल्या मुलीचा, घरातून हाकललेल्या बाईचा. अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करायला पोक्सो कायद्याच्या कलम २३ ने मनाई आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी मारतात आणि खाली गावाचं नाव छापतात. कायदा लागू नसतो तिथे तर पट्टीही नाही. "ताईंनी हो म्हटलंय," असं कार्यकर्ते सांगतात. ज्या संस्थेच्या जिवावर धान्य मिळतं तिला ताई नाही कशी म्हणणार? मी सुचवतो ते एवढंच: छापायच्या आधी बातमीदाराला तिच्या घरी न्या, संस्थेचं कुणी न बसता तिला बोलू द्या, आणि तिने नंतर नको म्हटलं तर बातमी गेली तरी चालेल असं दोघांनाही आधी सांगा. यावर शिबिरात नेहमी शांतता पसरते. एकदोन जण वहीत लिहून घेतात.

दुसऱ्या संध्याकाळची गोष्ट. सात वाजून गेले होते. बातमीदार तिसरं पान लावत होता, तळाला अँकर: शाळा सोडलेल्या ३७ मुलींना एका संस्थेने परत वर्गात बसवलं. दुपारी तो स्वतः दोन शाळांत जाऊन आला होता. मथळा आकड्याचाच होता. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून संस्थेच्या ताई, आवाज घाबरा. यादीत सहा नावं दोनदा धरली गेली होती, एका शाळेतही आणि वसतिगृहातही. खरा आकडा ३१.

"पान गेलं का हो दादा?"

"नाही अजून. पण ताई, आकडा बदलला की मला सगळंच पुन्हा बघावं लागेल. आज अँकर नाही जमणार. उद्या किंवा परवा, आतल्या पानावर."

थोडा वेळ पलीकडून काही आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "चालेल. यादी आता पुन्हा पाठवते, शाळेच्या शिक्क्याची."

त्याने अँकर काढला आणि त्या जागी पावसाचा फोटो मोठा करून लावला. मग मोबाईल उघडून ताईंच्या नंबरापुढे संस्थेच्या नावाऐवजी त्यांचं स्वतःचं नाव टाकलं आणि पुढच्या नोटेकडे वळला. ती होती एका वर्धापनदिनाची.